डोंगरावरचा शालू

अण्णा खुंटीवरचा हार्नेस काढायचे, एकदा झटकायचे आणि त्याचा पट्टा डाव्या खांद्यावरून असा काही सोडायचे की बघणाऱ्याला वाटावं, याला खाली जरीचा काठ असणार. मग दोन बोटांनी त्यावरची नसलेली चुणी सारखी करायचे आणि म्हणायचे, "घेऊ नका. नुसतं बघा."

हार्नेस म्हणजे काय ते आधी सांगून टाकतो. पॅराग्लायडिंगमध्ये माणूस मोठ्या रंगीत छत्रीखाली लटकतो आणि डोंगरावरून उडतो. लटकण्यासाठी पट्ट्यांची जी खुर्ची अंगाला बांधतात, ती हार्नेस. ज्याला उडता येत नाही तो पुढे, ज्याला येतं तो पायलट मागे, आणि दोघांचा जीव एकाच छत्रीला. वाईच्या वरच्या पठारावर, जिथून धोम धरणाचं पाणी ताटात वाढल्यासारखं दिसतं, तिथे आमच्या मालकांचा हा धंदा होता. पत्र्याची एक शेड, तीन छत्र्या, दोन पायलट आणि एक जीप. जीप माझी. वरून उडालेलं गिऱ्हाईक खाली शेतात उतरायचं, ते गोळा करून पुन्हा वर आणून सोडायचं, हे माझं काम.

त्यामुळे गिऱ्हाइकाचा अनुभव म्हणतात तो सगळ्यात ताजा माझ्या जीपमध्येच सांडायचा. उडताना लोक देवाचं नाव घेत. जीपमध्ये बसले की अण्णांचं.

मी गावच्या जत्रेच्या नाटकांत पंचवीस वर्षं खलनायक केलाय. थोडं वाढवून सांगायची जिभेला सवय आहे, हे आधीच कबूल करतो. पण अण्णांच्या बाबतीत वाढवायची गरज कधी पडली नाही. झालं तर कमीच करावं लागतं.

अण्णा मूळचे सांगलीचे. पेठेतल्या एका साडीच्या दुकानात तीस वर्षं गादीवर बसलेले. मोठ्या पुरात दुकानात पाणी शिरलं, काही दिवस मुक्काम केला आणि जाताना दुकान घेऊनच गेलं. आमच्या मालकांची आई तासगावची, लग्नाच्या बस्त्यापासून अण्णांचीच गिऱ्हाईक. ती मुलाला म्हणाली, तुझ्याकडे माणसं येतात, वारा खातात, फोटो काढतात आणि परत जातात. तो माणूस ठेव. तो तुझा डोंगरसुद्धा विकेल, वर फॉल-बिडिंग करून देईल. मालक पुण्यातली कॉम्प्युटरची नोकरी सोडून आलेले. तेव्हा आईचं ऐकलं नव्हतं, म्हणून यावेळी ऐकलं.

साठीला आलेला, पांढरा फुल शर्ट, डोक्याला टोपी, कानावर पेन्सिल असा माणूस एका सकाळी जीपमधून उतरला आणि कड्याच्या टोकाला जाऊन खाली बघत उभा राहिला. मी म्हटलं, अण्णा, जपून. तर म्हणाले, "पाव्हणं, पाण्यानं एकदा दुकानात येऊन गाठलं. आता बघू की, हितं येतंय का."

पहिल्याच आठवड्यात त्यांनी शेडमधल्या स्टीलच्या खुर्च्या बाहेर काढल्या आणि जमिनीवर पांढरीशुभ्र गादी घातली, भिंतीला तक्के लावले. मालकांनी कपाळाला हात लावला. पुण्या-मुंबईची पोरं इथं येऊन मांडी घालून बसणार का? अण्णा म्हणाले, मांडीचं सोडा, बूट काढतील. बूट काढलेलं गिऱ्हाईक लवकर उठत नाही. आणि खरंच सांगतो, मी डोळ्यांनी पाहिलंय. 'आम्ही फक्त चौकशीला आलोय' म्हणणारी माणसं त्या नाडीच्या बुटांपायी अर्धा अर्धा तास अडकायची, आणि अर्धा तास अण्णांसमोर बसून कोरडं उठलेलं माणूस निदान माझ्या पाहण्यात नाही.

भिंतीवर मालकांनी इंग्रजीत तीन पॅकेजं लिहिली होती, सोन्याचांदीच्या नावांची. अण्णांना ती तोंडात बसेनात. त्यांनी आपली नावं ठेवली. दहा मिनिटांचं साधं उड्डाण म्हणजे सुती. व्हिडिओसकट जरा लांबचं म्हणजे पैठणी. आणि सगळ्यात मोठं, ज्यात व्हिडिओ, शेवटी आभाळात गरगर गिरकी आणि फ्रेम केलेलं प्रशस्तिपत्रक, तो शालू. महिन्याभरात पायलटही तसंच बोलू लागले. मी खाली शेतात जीप लावून बसलेला असायचो आणि वॉकीटॉकीवर आवाज यायचा, "एक शालू सुटलाय. निळी पँट. जरा सांभाळून घ्या, रडतोय."

विकण्याची पद्धतही गादीवरचीच. सुती आधी दाखवायचे, पण असे दाखवायचे की माणसाला आपणच गरीब वाटावं. मग शालू उलगडायचे आणि लगेच म्हणायचे, हा तुमच्यासाठी नाही, हा आपला दाखवायला ठेवलाय. या वाक्यावर मी भलेभले कोसळताना पाहिलेत. वादविवाद अण्णांनी कधीच केला नाही. एकदा चार इंजिनीअर आले. व्हिडिओ नको म्हणाले. आम्ही अनुभव घ्यायला आलोय, दाखवायला नाही, असं त्यातला एक चष्मेवाला म्हणाला. अण्णांनी मान डोलावली. "बरोबर आहे. घरी जाऊन सांगाल की. तोंडी." मग थोडं थांबून, अगदी आपुलकीनं, "ऐकतील."

चौघांनी व्हिडिओ घेतला. जीपमध्ये चष्मेवाला मला म्हणाला की आपण फसलो हे आपल्याला कळतंय, पण नेमकं कुठे फसलो ते कळत नाही. मी त्याला म्हटलं, तुमच्या आधीच्यांनाही तिथंच अडलं होतं.

मिरजेचं एक नवं जोडपं आलं, बरोबर सासूबाई. त्या उडणार नव्हत्या. म्हणजे विकायला काही उरलंच नव्हतं, असं तुम्हाला-मला वाटेल. अण्णांनी त्यांचाच व्हिडिओ विकला. लेक कड्यावरून पळत सुटताना आईच्या तोंडावर काय काय होतं, त्याचा. पुढे त्या मुलानं फोन करून सांगितलं की घरात त्याचा स्वतःचा व्हिडिओ कुणी बघत नाही, आईचाच लावतात, आणि पाहुणे आले की पुन्हा लावतात.

आणि लोणंदचे ते ठेकेदार. भरदार माणूस, गळ्यात साखळी. शालू घेतला, गिरकीत जेवण गमावलं. जीपमध्ये बसल्यापासून वर पोचेपर्यंत अण्णांचं काय काय करणार ते मला सविस्तर सांगत होते. त्यातलं काही मी पुढे नाटकात वापरलं. शेडमध्ये शिरले तर अण्णा लिंबाचं सरबत घेऊन उभे. ठेकेदारांनी ते एका घोटात संपवलं आणि तोंड उघडणार, एवढ्यात अण्णा हळूच म्हणाले, "व्हिडिओ फार सुंदर आलाय. उलटीचा भाग काढून देतो. त्याचं थोडं वेगळं पडेल." ठेकेदारांनी रिकामा पेला अण्णांच्या हातात दिला. मग म्हणाले, काढा. जाताना प्रशस्तिपत्रकाला मोठी फ्रेम घेऊन गेले.

तक्रारी यायच्याच. कुणीतरी इंटरनेटवर लिहिलं, उडणं दहा मिनिटं आणि विकणं चाळीस मिनिटं. मालकांनी रागानं ते वाचून दाखवलं. अण्णा मनापासून खूश झाले. म्हणाले, म्हणजे चाळीस मिनिटांची करमणूक फुकट दिली म्हणा की.

त्यांचा एक नियम मात्र मला पहिल्यापासून आवडायचा. गिऱ्हाईक गादीवरून उठेपर्यंत कशाचीही घडी घालायची नाही. समोर तीन हार्नेस पसरलेले असले, वारा सुटला, पसारा झाला, तरी हात लावायचा नाही. मी एकदा मदत म्हणून एक गुंडाळायला गेलो तर त्यांनी माझा हात धरला. घडी घातली की सौदा संपला, म्हणाले. समोरच्याला वाटतं, आता आपण नकोसे झालो. माणूस उठला, पाठ वळली, मग घाला. खरं तर पाठ वळल्यावरही ते घडी घालत नसत. खुंटीला अडकवून ठेवत, कारण पुढचं गिऱ्हाईक जिन्यात असतं, हीदेखील सांगलीची म्हण. आमच्याकडे जिना नव्हता, पण म्हण होती.

सूर्य बुडायच्या आत जेवायचं हा त्यांच्या घरचा जैन नेम. आणि नेमकी मावळतीची फेरी सगळ्यात महाग. त्यामुळे रोज संध्याकाळी एका हातात डब्यातली भाकरी आणि दुसऱ्या हातात शालू, अशी त्यांची धांदल उडायची. एक नजर गिऱ्हाइकावर, एक सूर्यावर.

हे सगळं विकणारा हा माणूस स्वतः एकदाही उडाला नव्हता. मी विचारलं, तर म्हणाले, "दुकानातला माणूस कधी साडी नेसतो का, पाव्हणं?"

मी म्हटलं, तुम्ही तर रोज नेसता की.

"खांद्यापर्यंत. निऱ्या कधी काढल्या?"

आता ज्या दिवसासाठी हे सगळं सांगतोय, तो दिवस.

थंडी ओसरून ऊन लागायला लागलं होतं. दुपारी मी वाईच्या स्टँडवर गिऱ्हाइकं घ्यायला थांबलो होतो, तर साठीची एक बाई एसटीतून उतरून सरळ जीपशी आली. कोरेगावकडच्या एका खेड्यातली, हातात पिशवी. म्हणाली, "आवं ड्रायव्हर, त्या छत्रीवाल्यांकडं जाताय न्हवं? मला उडायचं हाय."

घाट चढेपर्यंत तिनं मला सगळं सांगितलं. धाकटा लेक फौजेत, विमानातून उडी टाकणाऱ्या पलटणीत. गेल्या साली उडीत त्याचा पाय घोट्याजवळ मोडला. प्लास्टर निघालं आणि हा परत उड्या टाकायला हजर. तेव्हापासून ती दर फोनला त्याच्या मागे लागली होती, दुसरीकडं बदली माग, नाहीतर माझ्याशी बोलू नकोस. शेवटी लेक वैतागून म्हणाला, आई, तू एकदा आभाळात जाऊन बघ. मग तू सोड म्हणालीस तर सोडतो, शप्पत. त्याला वाटलं, म्हातारी गप बसेल. परवा तो सुट्टीवर येणार होता. त्याच्या आत तिला बघून घ्यायचं होतं.

"आन मी सोड म्हनलं की त्यो सोडनार," ती म्हणाली. "माजा लेक शब्दाचा पक्का हाय. ह्येच तर भ्या हाय."

वर आल्यावर तिनं चपला काढल्या, गादीच्या काठावर बसली आणि अण्णांना सांगितलं, दहा मिनिटांचं ते द्या. साधं. अण्णांनी तिची हकीकत ऐकली आणि कानावरची पेन्सिल काढून हातात धरली. शालू उलगडला नाही. 'नुसतं बघा' म्हणाले नाहीत. मी दारात उभा होतो, मला चुकल्यासारखं वाटलं.

मालकांनी तिचा रक्तदाब मोजला, तो माझ्यापेक्षा बरा निघाला. साडीचा प्रश्न अण्णांनी नेहमीप्रमाणे सोडवला. पाचवारीचा काचा कसा मारायचा, पट्टे कुठून जातील, हे ते चार हात लांब उभं राहून, पँटवर टॉवेल नेसून दाखवायचे. आमच्याकडे साडीतली बाई कधी परत गेली नाही, ती या टॉवेलामुळे. "ताई," ते तिला म्हणाले, "आभाळात पदरसुद्धा ढळणार नाही, ही जबाबदारी माझी." गादीवर बसलेली बाई, मग ती ऐंशीची असो, अण्णांच्या लेखी ताई. मावशी म्हटलं की गिऱ्हाईक म्हातारं होतं.

मी खाली शेतात गेलो. थोड्या वेळानं वॉकीटॉकी बोलली. "शालू सुटलाय."

मला वाटलं, दुसरं कुणी असेल. वर पाहिलं तर तीच होती. हिरवी साडी, हिरवा काचा. पायलट संभा तिला दरीवर छान फिरवून आणत होता, आणि मग उतरायच्या आधी छत्री कलली आणि गरगरा फिरली. एकदा, दोनदा, तीनदा. एरवी गिरकीला लोक किंचाळतात. ही बाई किंचाळली नाही. म्हणूनच मी जीप सोडून रानात पळत गेलो.

खाली आली तेव्हा तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. संभा म्हणाला, काही बोलत नाहीत हो. जीपमध्ये पुढचा दांडा दोन्ही हातांनी धरून बसली. अर्ध्या घाटात म्हणाली, "त्यो बी आसाच फिरत आसंल न्हवं?" मी काही बोलायच्या आत तिनंच मान हलवली. "सोड म्हनून सांगनार. ठरलं माजं."

वर अण्णा हात चोळत दारातच उभे. लग्नघरातला माणूस आहेर उघडायची वाट बघतो, तसे. "ताई, कसं वाटलं?"

ती म्हणाली, लय भ्या वाटलं. लेकाला सांगते, बास कर आता.

अण्णांचं हसू होतं तिथंच राहिलं, पण त्यातला माणूस निघून गेला. हळू आवाजात म्हणाले, "ताई, ती गिरकी साध्यात नसते. ती मी घातली."

"का?"

"तुम्हाला चांगलं द्यावं म्हणून. जवानाच्या आईला सुती कसं द्यायचं? वरचे पैसे माझ्याकडून होते."

"मी मागितलं हुतं का?"

गादीवरची तीस वर्षं आणि डोंगरावरची तीन. हजारो माणसांना न मागितलेलं दिलं. इतक्या सरळ कुणी विचारलं नव्हतं. अण्णांनी पेन्सिल परत कानावर ठेवली. मग म्हणाले, पुन्हा बसा, आता खरंच साधं देतो, पैसे नकोत. ती म्हणाली, सोनं दिलंत तरी बसणार नाही. आणि मग, रागानं नव्हे, खरोखर कळावं म्हणून तिनं विचारलं, "तुमी बसलाय का कवा ह्यात?"

"दुकानातला माणूस..." अण्णांनी सुरुवात केली आणि तिथंच थांबले. ते वाक्य त्या बाईपुढे पुरं करायची त्यांची छाती झाली नाही. पोरगं कामाला जातं तिथं काय वाटतं ते बघायला आपल्या गावातनं तीन एसट्या बदलून आलेली बाई ती. आणि हे तीन वर्षं कड्यापासून दहा पावलांवर बसलेले.

त्यांनी टोपी काढून माझ्या हातात दिली. वर पेन्सिल ठेवली. खुंटीवरचा हार्नेस काढला, आणि या खेपेला खांद्यावर न सोडता अंगात घातला. मालक फोनवर होते, ते बोलायचेच थांबले. अण्णा संभाला म्हणाले, "सुती. एक धागा जादा नको." मग तिच्याकडे वळले. डब्यातली भाकरी तशीच होती, सूर्य डोंगराला टेकायला आला होता, आणि हा माणूस मला आठवतं तेवढ्यात पहिल्यांदाच त्याच्याकडे बघत नव्हता.

"ताई, तुम्ही घेऊ नका. खाली जाऊन नुसतं बघा."

मी तिला घेऊन पुन्हा घाट उतरलो. कापणी झालेल्या गव्हाच्या रानात आम्ही दोघं माना वर करून उभे राहिलो. वॉकीटॉकीचं बटण संभाकडून दाबलेलंच राहिलं होतं, त्यामुळे अण्णा आम्हाला सगळे ऐकू येत होते. आधी पळण्याचा आवाज, मग णमोकार मंत्र, आधी मोठ्यानं, मग भरभर, मग त्यातले शब्द एकमेकांवर चढायला लागले. मग एकदम गप्प. संभा हाका मारायला लागला, अण्णा, ओ अण्णा. मला वाटलं, गेले. बाईनं माझा दंड धरला.

आणि मग आवाज आला, अगदी बारीक. "संभा, एवढं हळू असतं होय रे?"

छत्री मावळतीच्या उजेडात इकडून तिकडे जात होती, कुठेही पोचायची घाई नसल्यासारखी. बाई तोंडावर पदर धरून बघत होती. एकदा तिनं विचारलं, त्योच का, गादीवरचा? मी म्हटलं, तोच. हळूहळू छत्री खाली आली. माणसं दिसायला लागली. उतरताना पाय खाली सोडून चार पावलं पळायचं असतं, हे अण्णांनी हजारो जणांना समजावून सांगितलं होतं. संभाही ओरडत होता, पाय सोडा, पळा. पण शरीराची सवय जुनी. जमीन जवळ आलेली दिसली, आणि जमिनीपासून दोन हातांवर अण्णांनी मांडी घातली.

गव्हाच्या धसकटांवरून तो माणूस मांडी घालूनच सरकत आला, मागोमाग संभा आपटला, आणि दोघांवर छत्री पसरली. छत्रीखालून अण्णांचा आवाज, "टोपी कुठाय?"

बाई हसायला लागली. आधी पदराआड, मग उघड, मग तिला उभं राहवेना, ती बांधावर बसली. हसता हसता डोळे पुसत होती. अण्णा पाठीला धसकटं चिकटलेले, लंगडत तिच्यापर्यंत आले आणि तिच्या शेजारी बसले. विकायला काहीच नव्हतं, तरी शेजारी बसले.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "वर मला कायच कळलं न्हाई. डोळंच मिटल्यालं. आत्ता खालनं बघितलं तवा कळलं. पानागत येतंय हो मानूस."

अण्णा म्हणाले, "गिरकी नसली की हळूच असतं, ताई. मलाही आजच कळलं."

"मला कुटं जलमभर उडायचंय?" ती म्हणाली. "मला खालनंच बघायचंय की."

लेकाला काय सांगणार, हे विचारायचा धीर आम्हा दोघांनाही झाला नाही. स्टँडवर सोडताना, एसटीच्या पायरीवर पाय ठेवून तीच मागे वळली. "ड्रायव्हर, फौजेत उतरताना मांडी घालत नसतील न्हवं?"

मी म्हटलं, नाही, तिथं आधी पाय टेकायलाच शिकवतात.

"मग उडू दे त्याला," ती म्हणाली आणि आत गेली.

आठवड्यानं तिचा लेक आला. उंच, केस बारीक कापलेले. उडायला नव्हता आला. शेडमध्ये बूट काढून आला, अण्णांच्या पाया पडला आणि म्हणाला, आईनं बघून यायला सांगितलंय. अण्णांची जीभ सवयीनं सुरू झाली, "घेऊ नका," म्हणाले, आणि पुढचे दोन शब्द काही आले नाहीत. त्यांनी चहा मागवला.

आता मालकांचं दुःख ऐका. त्या दिवसापासून अण्णांचा धंदा बसला. हार्नेस खांद्यावर घ्यायचे, पट्टा सोडायचे, पण गिऱ्हाईक शालूकडे वळलं की विचारायचे, तुम्ही गिरकी मागितली होती का? मग सुतीच घ्या, सुतीत सगळं असतं. कुणी विचारलं, काका, कसं वाटतं हो वर? तर उत्तर देण्याऐवजी दरीकडे बघत बसायचे, आणि गिऱ्हाईकही त्यांच्याबरोबर दरीकडे बघत बसायचं. चाळीस मिनिटांची करमणूक गेली. माझ्या जीपमधली तर सगळी मजाच गेली. लोक उतरून यायचे आणि समाधानानं गप्प बसायचे. समाधानी गिऱ्हाइकाइतकं कंटाळवाणं जगात काही नाही. इंटरनेटवर कुणीतरी लिहिलं, इथल्या काकांनी आम्हाला आग्रह करून स्वस्तातलं घ्यायला लावलं. पाचपैकी पाच चांदण्या. ते वाचून मालक खचून तक्क्याला टेकले.

पण मालकांनी त्यांना काढलं नाही, हेही सांगितलं पाहिजे. उन्हाळ्याच्या शेवटी सांगलीहून फोन आला. जुन्या शेठजींचा मुलगा दुकान पुन्हा उघडत होता, पुराच्या धसक्यानं यावेळी पहिल्या मजल्यावर. अण्णांशिवाय गादीवर कोण बसणार? अण्णा मला म्हणाले, पाव्हणं, आता खरोखरचा जिना आलाय.

मोसमाच्या शेवटच्या संध्याकाळी मी त्यांना वाईच्या स्टँडवर सोडलं. निरोपाचं भाषण करायची माझी फार इच्छा होती, दोन रात्री पाठ केलं होतं. पण गाडी लागलेली होती. त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला, माझ्या शर्टाच्या खांद्यावरची नसलेली चुणी दोन बोटांनी सारखी केली, आणि गाडी निघाली.

दुसऱ्या दिवशी छत्र्या खाली न्यायला मी पठारावर गेलो. शेड रिकामी. गादी गुंडाळलेली, तक्के त्यावर रचलेले. खुंटी मोकळी होती. हार्नेस मला टेबलावर सापडला. आडवा-उभा नीट दुमडून, पट्टे आत घेऊन, काठ वर येईल अशी त्याची चौकोनी घडी घातली होती. दुकानात कपाटात ठेवतात तशी. त्यावर तळहात फिरवल्याची खूणसुद्धा दिसत होती.

तीन वर्षांत त्यांनी घातलेली ती पहिली घडी. मी बूट काढले आणि गुंडाळलेल्या गादीच्या टोकावर जरा वेळ टेकलो. माणूस उठेपर्यंत घडी घालायची नाही, असं त्यांचंच म्हणणं होतं. आणि मी तर अजून उठलोच नव्हतो.